टोपडं घातलेला सात नंबर

गुरुवारी सकाळी मिलक्रीक गोल्फ कोर्सच्या कँटीनमध्ये लॉर्न वाइडमननं कॉफीचा कप डाव्या हातानं उचलला आणि अर्धी कॉफी पँटवर सांडली. लॉर्न उजव्या हाताचा माणूस. पण गेले दोन महिने त्याचं उजवं कोपर असं ठणकत होतं की कपाचं सोडा, पावाला लोणी लावणंसुद्धा जिवावर यायचं. हे त्याच्या दोन मित्रांना माहीत नव्हतं. त्यांना कळू नये म्हणून तर तो डाव्या हाताचे प्रयोग करत होता.

समोर गार्नेट ट्रॅस्क आणि एमेट सोअर्बी बसले होते. गार्नेटनं एकतीस वर्षं कचेरीत न्यायाधीशासमोर बसून कागद लावले होते, आणि निवृत्त झाल्यावर गोल्फचं नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. एमेट पोस्टमन होता. उभा जन्म लोकांच्या दारात पत्रं टाकून तो इतका शांत झाला होता की त्याचं मत कोणी विचारत नसे. दर गुरुवारी खेळाआधी तिघं इथं बसायचे आणि बारा वर्षं चाललेला वाद पुढे चालू व्हायचा. आजवर चेंडूला सगळ्यांत उत्तम कोणी मारलं?

"होगन," गार्नेट म्हणाला. "विषय संपला."

"दर गुरुवारी संपवतोस आणि पुढच्या गुरुवारी तूच उकरून काढतोस," लॉर्न म्हणाला.

"होगनच्या फटक्याचा आवाजच वेगळा होता, बाबा."

"तू ऐकलायस?"

"वाचलाय."

"आवाज वाचलायस. छान," लॉर्न म्हणाला. "मी मो नॉर्मनला या डोळ्यांनी बघितलंय. चौदा वर्षांचा होतो. एकामागून एक चेंडू, आखलेल्या रेघेसारखे. आणि हातात काय होतं? पातळ आयर्न. ब्लेड. हल्लीची फावडी नव्हती."

फावडी हा लॉर्नचा शब्द. हल्ली जाड पाठीची, रुंद तळाची आयर्न, म्हणजे गोल्फच्या लोखंडी काठ्या, निघाली आहेत. चेंडू थोडा इकडेतिकडे लागला तरी ती सांभाळून घेतात. लॉर्नला त्यांचा भयंकर तिटकारा. शाळेत त्यानं तीस वर्षं पोरांना लोखंडकाम शिकवलं होतं, आणि पातळ लोखंड खोटं बोलत नाही हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. गेल्या वर्षी एमेटनं बिचाऱ्यानं हौसेनं असा एक संच घेतला आणि मोटारीची डिकी उघडून दाखवला. लॉर्ननं अर्धा मिनिटसुद्धा बघितलं नाही. "बटाटे काढायचे असतील तर ठेव," एवढं म्हणाला आणि चालू पडला. पुढच्या गुरुवारी एमेट आपली जुनी ब्लेड घेऊन हजर झाला. नव्यांचं काय केलं हे कोणी विचारलं नाही.

आणि आता डॉक्टरीणबाईंनी लॉर्नला सांगितलं होतं, "या पातळ काठ्यांचा दणका थेट कोपरात जातोय. काठ्या बदला, नाहीतर खेळ सोडा." व्हर्ना, म्हणजे लॉर्नची बायको, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "खेळ सोडला तर गुरुवारी हा घरी असेल. डॉक्टर, काठ्याच बदलू द्या."

तेव्हा लॉर्न शुक्रवारी पन्नास किलोमीटर गाडी हाकत भलत्याच गावातल्या दुकानात गेला. तिथं आपल्याला ओळखणारं कोणी नसेल अशी त्याची अटकळ होती. दुकानाच्या मालकीण नोरीन यांनी त्याच्या हातात एक सात नंबर, म्हणजे मध्यम पल्ल्याची काठी, दिला आणि फटका किती लांब जाईल ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभं केलं. त्यानं दोन वेळा मारला. पडद्यावर आकडा आला दीडशे यार्ड. लॉर्ननं चष्मा काढून पुसला. सात नंबरनं दीडशे त्यानं पन्नाशीनंतर मारले नव्हते.

"मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे," नोरीनबाई म्हणाल्या. "खोटं बोलून विकायचं नाही मला. ह्या सातचं तोंड तुमच्या जुन्या, लांब मारणाऱ्या पाचइतकंच कललंय. कारखान्यानं वर सातचा आकडा मारलाय, एवढंच. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

"म्हणजे फसवणूकच की ही."

"असेल. कोपर दुखतंय का पण?"

दुखत नव्हतं. लॉर्ननं हात वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. त्याला एकदम रडूच यायला लागलं, म्हणून तो भिंतीवरच्या हातमोज्यांकडे बघत उभा राहिला.

"नवीन संचाला सहा आठवडे लागतील," नोरीनबाई सांगत होत्या. "पण एक जवळजवळ नवाच पडलाय. एक गृहस्थ घेऊन गेले आणि परत घेऊन आले. मित्रांनी नावं ठेवली म्हणे."

"असले मित्र काय चुलीत घालायचेत?" लॉर्न अगदी मनापासून म्हणाला.

संच त्याच्या मापाचा निघाला. सात नंबरच्या मानेवर हिरवा ठिपका होता. दुकानाची काही खूण असेल असं त्याला वाटलं. त्यानं तो संच घेतला. परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता तो खुशीत होता आणि निम्मा रस्ता एकच प्रश्न घोकत होता. एमेटला तोंड कसं दाखवायचं?

घरी आल्यावर त्यानं उपाय काढला. "व्हर्ना, मला आठ टोपडी विणून दे. आयर्नला घालायला."

व्हर्नानं सुया खाली ठेवल्या. "चाळीस वर्षांत माझा एक स्वेटर तू धड अंगात घातला नाहीस. आता लोखंडाला थंडी वाजायला लागली?"

"विण ना. आणि वर आकडे घाल. नाहीतर मला कुठलं कोणतं ते कळणार नाही."

गोल्फवाल्यांत मोठ्या लाकडी काठीला टोपडं चालतं. आयर्नला टोपडं घालणं म्हणजे छत्री भिजू नये म्हणून तिच्यावर पिशवी घालण्यापैकी. लोक हसतात. पण मोठी लाज झाकायला लहान लाज पुरते, हा लॉर्नचा हिशोब होता, आणि तसा तो चुकीचा नव्हता.

पुढच्या गुरुवारी करड्या लोकरीची, लाल आकड्यांची आठ टोपडी पिशवीतून डोकावताना पाहून गार्नेटनं पहिल्या खड्ड्यापर्यंत कसंबसं हसू दाबलं. मग म्हणाला, "बाळंतीण आणि बाळ सुखरूप ना?"

"व्हर्नानं विणलीत. बायकोचं मन मोडायचं का?"

दोघांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. दोघांनाही बायका होत्या. चेंडूपाशी गेलं की काठी काढायची, टोपडं पायाशी ठेवायचं, फटका मारायचा आणि कोणी जवळ यायच्या आत पुन्हा टोपडं चढवायचं. तीन खड्डे असे निभावले. काम करून माणूस दमत नाही इतका लपवून दमतो. लॉर्नला तिथंच घरी जाऊन झोपावंसं वाटायला लागलं.

चौथ्या खड्ड्यावर तळं आहे. इथून दीडशे यार्डांवर झेंडा आणि मध्ये सगळं पाणीच पाणी. आणि इथंच या तिघांची बारा वर्षांची एक मुकी रीत होती. गोल्फच्या नियमानं कोणता नंबर घेतला हे खेळताना दुसऱ्याला विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. दोन्हीला दोन फटके दंड. पण बघायला दंड नाही. म्हणून आधी लॉर्न मारायचा आणि बाकीचे दोघं बुटाची नाडी बांधायच्या मिषानं त्याच्या पिशवीत कोणती जागा रिकामी आहे ते बघून घ्यायचे. लॉर्ननं पाच घेतला की गार्नेट पाच घ्यायचा आणि एमेट चार. आकडा जितका लहान तितका चेंडू लांब जातो. बारा वर्षांत लॉर्नचा पाच कधी बदलला नव्हता, तरी हे दोघं न चुकता वाकायचे.

लॉर्ननं काठी काढली, टोपडं गवतावर ठेवलं आणि फटका मारला. चेंडू सुरेख उडाला आणि झेंड्यापासून वितीवर जाऊन थांबला. इकडे गार्नेट आणि एमेट नाड्या बांधायला वाकले होते. गवतावर टोपडं पडलं होतं. वर लाल लोकरीत सात.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सदुसष्टाव्या वर्षी, तळ्यावरून, सात नंबर.

गार्नेटनं पाचवर ठेवलेला हात काढला आणि मानानं सात उचलला. चेंडू तळ्याच्या मध्यावर बुडाला. "पाय घसरला," तो म्हणाला. मग सहा घेतला. तोही बुडाला. तिसऱ्या वेळी कोणाकडे न बघता त्यानं गुपचूप पाच घेतला आणि पलीकडे गेला. कचेरीत काढलेली वर्षं अशी कामाला येतात.

एमेटला ही अक्कल नव्हती. त्यानं सहा घेतला. पाण्यात. पुन्हा सहा घेतला. पाण्यात. पाच घेतला तोही पाण्यात, आणि शेवटी आपला नेहमीचा चार घेतला तोवर बिचाऱ्याचा धीरच सुटला होता. चौथा चेंडू तर काठाजवळच बुडाला. बदकं बाजूला झाली.

लॉर्न गप्प उभा होता. सांगावं तर दोन फटके दंड, आणि वर सगळं बिंग फुटणार. नियमच तोंड उघडू देत नाही त्याला मी काय करू, असं तो मनाशी म्हणत होता. नियमांचा इतका आधार त्याला आयुष्यात वाटला नव्हता.

एमेटनं खिसे चाचपले. चेंडू संपले होते. तो बाकावर बसला आणि हातमोजा काढायला लागला.

"चला, झालं माझं," तो म्हणाला.

"अरे, माझ्याकडचा घे एक," गार्नेट म्हणाला.

"चेंडूचं नाही रे. आपली ब्लेड एकाच घडणीची. हा माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, आणि सातनं मारतो. मला चारनं जमत नाही. वर्षभर वाटतंच होतं मला, कशाला ओढायचं उगीच. सोडतो मी हे. गुरुवारी आता नातवाला शाळेत पोचवीन."

लॉर्नच्या कोपराचं दुखणं आता छातीत आलं. खेळ सुटायच्या नुसत्या भीतीनं आपण पन्नास किलोमीटर पळालो, आणि हा माणूस आपल्यामुळे इथं बाकावर बसून खेळ सोडतोय.

"गार्नेट," तो म्हणाला, "माझ्या नावावर दोन फटके दंड लिही."

"कशाबद्दल?"

"मी आता सांगणार आहे." त्यानं सात नंबर एमेटच्या मांडीवर ठेवला. "हा सात नाही, एमेट. तोंड पाचचं आहे, आकडा सातचा मारलाय. ब्लेड नाहीच हे. फावडं आहे. माझं कोपर गेलंय. कप उचलत नाही मला. तुला बोललो आणि लाज वाटली, म्हणून टोपडी. चुकलो मी."

गार्नेटनं पेन्सिल काढून दोन फटके लिहिले. एमेटनं काठी हातात घेतली, उलटी केली, मानेपाशी अंगठा फिरवला.

"हा ठिपका आमच्या हिच्या, आयलीनच्या, नेलपॉलिशचा आहे," तो म्हणाला.

"कसला?"

"मी काठ्या विसरून येतो म्हणून लावून दिला होता तिनं. माझीच आहेत ही. नोरीनबाईंकडे परत दिली होती."

लॉर्नला दुकानातलं आपलंच वाक्य आठवलं. असले मित्र काय चुलीत घालायचेत.

"तू नीट बघितलीही नव्हतीस," एमेट म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला फार आवडली होती रे ती. रात्री स्वयंपाकघरात काढून बसायचो."

"घेऊन जा तू. आत्ता. सगळी."

एमेटनं हातमोजा पुन्हा चढवला. गार्नेटकडून एक चेंडू घेतला, उभा राहिला आणि त्याच सातनं मारला. चेंडू तळ्यावरून गेला आणि हिरवळीवर पडला.

"दुसऱ्याच्या पिशवीतली काठी. दोन फटके," गार्नेट हळूच म्हणाला.

"माझी आहे ती."

"मालकीचा प्रश्न नाही. आज ती लॉर्नच्या पिशवीत आहे."

"लिही," एमेट म्हणाला. वर्षभरात तो पहिल्यांदा हसला.

एमेटचे त्या खड्ड्यावर तेरा झाले, गार्नेटचे सात आणि लॉर्नचे दंड धरूनसुद्धा चार. याबद्दल दोघांनी त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

दुपारी कँटीनमध्ये बटर टार्ट, म्हणजे पाक भरलेल्या गोड वाट्या, आले. लॉर्ननं सगळी पिशवी एमेटच्या खुर्चीला टेकवून ठेवली. एमेटनं ती परत सरकवली.

"ठेव तुझ्याकडे. तुझं कोपर आधी. मी नवी मागवीन. तू वापरलेली कोण घेणार?"

"होगन असल्या काठीला शिवलासुद्धा नसता," गार्नेट सवयीनं म्हणाला.

"मो नॉर्मनही नसता," लॉर्न म्हणाला. पण बोलण्यात जोर नव्हता.

"दोघंही वारले," एमेट म्हणाला. "त्यांची कोपरं दुखत नाहीत."

बारा वर्षांत या वादाला मिळालेलं हे पहिलंच उत्तर होतं. गार्नेटनं फटक्यांच्या हिशोबाचं कार्ड पुढे केलं. लॉर्ननं सही केली, एमेटनं केली, शेवटी गार्नेटनं स्वतःची केली आणि पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर कोणी नव्हतं. तरी तो पुढे वाकून हळू आवाजात बोलला.

"सह्या झाल्या. फेरी संपली. आता विचारलं तर दंड नाही. लॉर्न, त्या दुकानाचा पत्ता काय रे?"

"लिहून घे," एमेट म्हणाला. "मला पाठ आहे."