बाबागाडी निवड समिती

चिखलीच्या शिक्षक कॉलनीत राहणारे निवृत्त कार्यालय अधीक्षक चिंतामणराव यांच्या नातीने, म्हणजे कु. अनुपमा हिने, सहाव्या महिन्यात पदार्पण केले आणि त्याच आठवड्यात त्यांची सून सौ. गार्गी हिची कंबर कामातून गेली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असावा, असे बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंचे मत पडले. मुलगी अंगाने भरलेली, खाली ठेवली की भोकाड पसरायची. तिला उचलून घ्यायला घरात चार माणसे होती. पण तिने सूर लावला की त्यातल्या तिघांना नेमके काहीतरी महत्त्वाचे काम आठवायचे.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिले : बाळाला कडेवर घेणे बंद, बाबागाडी घ्यावी, रोज संध्याकाळी अर्धा तास चालावे. पहिल्या दोन सूचनांपेक्षा गार्गीला तिसरी जास्त आवडली. पाच महिने तिने घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले ते फक्त दवाखान्यासाठी. कॉलनीच्या टोकाला बगीचा होता, घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. तिथे बाकावर बसावे, चार बायकांशी बोलावे, बाळाला झाडे दाखवावीत, एवढीच तिची इच्छा होती. आणि आता त्या इच्छेला वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले होते.

तिने मोबाईलवर एक हलकीशी घडीची गाडी शोधून काढली आणि नवऱ्याला दाखवली. आल्हाद एका पतसंस्थेत नोकरीला होता आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वरच्या माणसाकडे पाहायची त्याला सवय होती.

"मस्त आहे," तो म्हणाला. "चार दिवसांत येते म्हणते. फक्त बाबांना एकदा विचारून घे."

या एका वाक्याने चार दिवसांचे चार महिने झाले.

चिंतामणरावांची चौतीस वर्षे आस्थापना शाखेत गेली होती. टिपणीशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा मागवली नव्हती. घरात एवढ्या चाकांची वस्तू येणार आणि तिची साधी नस्ती नसावी, हे त्यांच्या मनाला पटेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याची फाईल काढली, तिच्यावर "बाबागाडी : निवड व खरेदी" असे वळणदार अक्षरात लिहिले आणि समिती गठित केली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य म्हणून पत्नी शकुंतलाबाई आणि चिरंजीव आल्हाद. तज्ज्ञ म्हणून डोणगावचा जानराव. जानराव त्यांची शेती बटाईने करत असे आणि त्याच्या दारात ट्रॅक्टर होता. वाहनांतले त्याला कळते, हे यावरून सिद्धच होते.

"माझं नाव नाही यात," गार्गी फाईल पाहून म्हणाली.

"तुम्ही लाभार्थी आहात," चिंतामणरावांनी चष्म्यावरून समजावले. "लाभार्थीच निवड समितीवर बसला तर उद्या आक्षेप निघतो."

"पण बाबा, गाडी ढकलणार तर मीच ना?"

"म्हणूनच."

सासरे सुनेवर कधी आवाज चढवत नसत. ते तिला आदराने 'तुम्ही' म्हणत आणि आदरानेच बाजूला ठेवत. गार्गीला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. इतके सगळे रीतसर होते.

पहिल्या बैठकीत गाडी काळी नसावी यावर एकमत झाले. दुसऱ्या बैठकीत बाळाचे तोंड कोणीकडे असावे हा विषय निघाला आणि तिसऱ्या बैठकीतही तो संपला नाही. शकुंतलाबाईंचे म्हणणे, लेकराला आई दिसली पाहिजे, नाहीतर दचकते. चिंतामणरावांचे म्हणणे, लहानपणापासून जगाकडे पाहण्याची सवय लागली पाहिजे. तज्ज्ञांचे मत विचारण्यात आले.

"आता पाहा साहेब," जानराव मांडी बदलून म्हणाला, "टॅक्टरवाल्याचं तोंड समोर असते. मांगं पाहून चालवलं तं थेट नालीत."

"पण अनु थोडीच चालवून राह्यली गाडी!" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"आज नाई चालवत. उद्याचा इचार करा लागते ना वैनी."

उद्याचा विचार करून दोन्हीकडे फिरणारे आसन असावे असा ठराव झाला. आल्हादने गाडी कारच्या डिकीत मावावी अशी सूचना मांडली. त्यांच्याकडे कार नव्हती, पण पुढेमागे घ्यायचा विचार होता, म्हणून तीही मंजूर झाली. कंबरेला पट्टा बांधलेली गार्गी बाळाला कडेवर घेऊन आतबाहेर करत होती, आणि बाळ फार रडल्यास बैठकीत व्यत्यय येतो अशी नोंद इतिवृत्तात होत होती.

त्यानंतर मार्गाची पाहणी झाली. समिती घरापासून बगीच्यापर्यंत टेप घेऊन चालत गेली. अर्ध्या रस्त्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांचे गट्टू बसवले होते, त्यातले निम्मे उखडलेले. उरलेला अर्धा पाइपलाइनसाठी खणून ठेवला होता आणि पाइपलाइन झाल्यावर बुजवायचे राहून गेले होते. वाटेत तीन नाल्या लागत होत्या. त्यांतल्या एकीवर झाकण म्हणून सिमेंटचा ढापा होता, पण त्यावर एक म्हैस बसली होती.

"हा रोड गाडीच्या लायक नाई," जानरावाने निकाल दिला. "मंग गाडीच रोडच्या लायक पाह्यजे. मोठे चाकं, जाड टायर, खालून उंच. हलकं काम जमणारच नाई."

रस्ता नीट करून घ्यावा असे कोणाच्याही मनात आले नाही. तो विषय समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

अखेर एका रविवारी समिती खामगावला निघाली. गार्गीने साडी नेसून बाळाला झबले घातले होते. भाड्याच्या जीपमध्ये जागा नाही असे तिला ऐनवेळी सांगण्यात आले, आणि ते खरेही होते. जानरावाच्या शेजारी एक तुरीचे पोते होते, ते खामगावच्याच पाहुण्यांना द्यायचे होते.

दुकानदार अर्जुनराव अनुभवी माणूस होता. त्याने चौघांच्या मागे डोकावून पाहिले. "लेकरू कुठं हाय?"

"बाळाचं वजन, उंची, सगळं टिपणीत आहे," चिंतामणरावांनी फाईल उघडली.

"अन् लेकराची माय?"

"त्या लाभार्थी आहेत."

दुकानदाराने आधी एक गाडी काढली. गार्गीने मोबाईलवर पाहिली होती जवळजवळ तशीच. एका हाताने उघडायची, एका हाताने मिटायची. "बायांले उचलाले सोपी जाते," तो म्हणाला. जानरावाने ती करंगळीने उचलली आणि समितीकडे दुःखाने पाहिले.

"काऊन हो, हे गाडी हाय का छत्री? वाऱ्यानं उडून जाईन हे तं!"

तिथेच तिचा निकाल लागला. आपल्याकडे कुठल्याही वस्तूची पारख हातात धरून होते. जड लागली की चांगली. त्या हिशेबाने दुकानातली सर्वांत चांगली गाडी तीच ठरली, जी खाली काढायला दुकानातले दोन नोकर लागले. चौदा किलो वजन, ट्रॅक्टरला लाजवतील असे टायर, वर छत, खाली जाळी, फिरते आसन. समितीने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि एकमताने मान हलवली.

गाडी घरी आली तेव्हा अनुपमा दहाव्या महिन्यात होती आणि तेवढ्याच प्रमाणात वजनदार. गार्गीचे डोळे गाडी पाहून भरून आले. गाडी तिच्या मनासारखी नव्हती, पण गाडी होती. "आज संध्याकाळीच नेते बगीच्यात," ती म्हणाली.

"आज?" शकुंतलाबाई दचकल्या. "पूजा केल्याबिगर?"

वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. कॉलनी जमली. हँडलला हार घातला, छतावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फुटला आणि चाकांखाली चार लिंबे ठेवली. आल्हादने गाडी पुढे ढकलली. लिंबे नुसतीच घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. गाडी लिंबावर चढायला तयार होईना आणि लिंबू फुटायला.

"लिंबू फुटलंच पाह्यजे," शेजारच्या सत्यभामाबाई कुजबुजल्या. "नाईतं बरं नसते."

सगळे चिंतेत पडले. वजन कमी पडते आहे, हे तज्ज्ञांच्या लगेच ध्यानात आले. खामगावचे पाहुणे त्या दिवशी घरी भेटले नव्हते, त्यामुळे तुरीचे पोते परत आले होते. ते दोघांनी उचलून बाळाच्या आसनावर ठेवले, जानरावाने स्वतःचा एक पाय खालच्या दांडीवर दिला आणि "जय बजरंग" म्हणून गाडी रेटली. चारही लिंबे फुटली. टाळ्या झाल्या. पुढचे उजवे चाकही किंचित आतल्या बाजूला वळले, पण अपशकुन टळला होता, त्यामुळे चाकाचे कोणी मनावर घेतले नाही.

चिंतामणरावांनी मात्र घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या वापराबाबत परिपत्रक काढले आणि ते फ्रिजवर चिकटवले. आसनावरचे प्लास्टिक काढू नये. गाडी गट्टूंवरून नेऊ नये. चिखलात, धुळीत व उन्हात नेऊ नये. गाडी बाहेर काढायची असल्यास कारणासह अर्ज करावा. शिवाय वेळ आणि अंतर लिहायला त्यांनी एका वहीत रकाने आखून दिले.

गार्गीने अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिले, "बाळाला फिरवून आणणे." अर्ज संध्याकाळी परत आला. शेरा होता : "फिरणे हे कारण होऊ शकत नाही. कोठे व कशासाठी, खुलासा व्हावा."

तिने अर्ज हातात धरला आणि पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "बाबा, मला घराबाहेर पडायचं आहे. दहा महिने झाले. एवढंच कारण आहे."

चिंतामणराव विरघळले, ते काही दुष्ट नव्हते. पण घराबाहेर पडण्यासाठी रकाना नव्हता. दोन दिवस विचार करून त्यांनी मार्ग काढला. बगीच्याला लागून सत्यभामाबाईंची मुलगी नव्या घरात राहायला आली होती आणि तिच्याकडे शुक्रवारी हळदीकुंकू होते. कारण ठोस होते. मंजुरी मिळाली.

शुक्रवारी पाच वाजता सगळे निघाले. फाटकापासून चार पावलांवर गट्टू सुरू झाले आणि चिंतामणरावांनी हात वर केला. "उचला." एका बाजूने आल्हादने आणि दुसऱ्या बाजूने जानरावाने गाडी उचलली. चौदा किलोची गाडी, त्यात दहा किलोचे बाळ. पंधरा पावलांत दोघांना धाप लागली.

"साहेब, असं नाई जमत," जानराव म्हणाला. "पोरगी काढा यातून. लई वजन होऊन राह्यलं."

ते सगळ्यांनाच पटले. शकुंतलाबाईंनी अनुला गाडीतून काढले आणि सहज, नेहमीच्या सवयीने, गार्गीच्या कडेवर दिले. आणि मिरवणूक पुढे निघाली. पुढे चिंतामणराव खड्डे दाखवत, मागे दोघे गाडी पालखीसारखी धरून, त्यांच्या मागे पदर सावरत शकुंतलाबाई, आणि सर्वांच्या मागे कंबरेला पट्टा बांधलेली गार्गी, दहा किलोची लेक घेऊन, वाकडी होत तिन्ही नाल्या ओलांडत. गाडीच्या चाकाला धुळीचा कण लागला नाही.

लेकीच्या दारात सत्यभामाबाई हळदीकुंकवाचे तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ही सगळी मिरवणूक डोळे भरून पाहिली आणि गार्गीला कुंकू लावता लावता म्हणाल्या, "नशीबवान आहेस वो बाई. किती जपतात तुह्या घरचे!"

"हाव ना," गार्गी म्हणाली. "गाडीले लई जपतात."

सगळे हसले. चिंतामणराव तर मनापासून हसले. त्यांना ते कौतुकच वाटले.

तुम्हीही हसला असाल. हरकत नाही. पण हसून झाले की आपल्याच घरात एक फेरी मारा. सोफ्यावरचे कव्हर पाहा, कपाटातले काचेचे सामान पाहा, पाहुण्यांसाठी ठेवलेली कोरी चादर पाहा. आणि या सगळ्या वस्तू नव्या राहाव्यात म्हणून घरातले कोण जुने होत चालले आहे, तेही पाहा. ती सापडली तर लगेच काहीतरी करा. समिती मात्र नेमू नका. समितीचा चहा तिलाच करावा लागेल.