केवळरामभाऊ आणि माझी चुन्याची डबी

केवळरामभाऊंच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागतात. आमदार असो की घरचा जावई. कारण विचारलं की एकच उत्तर : "विमान हाये हे, बैलबंडी नाई."

भाऊ वायुदलात फिटर होते. निवृत्त होऊन इकडे गावी आले. त्याच सुमारास आमच्या विमानवेड्यांच्या हौशी मंडळानं वायुदलाचं एक जुनं, पंख्याचं, दोन माणसांचं सरावाचं विमान भंगारातून सोडवून चंद्रपूरच्या बाजूला एका धावपट्टीजवळच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. बेत ते चौकात उभं करायचा होता. "पुतळा कराले मेलं काय ते?" म्हणत भाऊंनी इंजिन उकललं आणि सहा वर्षं आम्हाला कामाला लावलं. संध्याकाळी हत्यारं मोजल्याशिवाय सुट्टी नाही. एकदा दहा नंबरचा पाना सापडेना, म्हणून चौघांना त्यांनी उपाशी ठेवलं. पाना त्यांच्याच हातात होता.

मी निवृत्त मास्तर. मंडळात माझं काम पुसायचं फडकं धरण्याचं, आणि तेही मला नीट जमत नसे.

उड्डाणाच्या दिवशी झेप घ्यायची परवानगी सकाळी दहापर्यंतच होती. सिंदेवाही-पोंभुर्ण्याहून लोक जीप भरभरून आले होते. भाऊ चहाला गेल्याचं पाहून मी हळूच मागच्या सीटवर चढलो, ऐटीत फोटो काढून घेतला आणि उतरलो. थोड्या वेळानं नागपूरचे वैमानिक साहेब आत बसले, इंजिन गुरगुरलं. मी समाधानानं तंबाखू काढली, तर चुन्याची डबी गायब.

खरं सांगतो, आधी मी गर्दीत मागं सरकलो. मग भाऊंच्या कानात सांगितलं. वाटलं, पान्यानं हाणतील. ते एवढंच म्हणाले, "बरं केलं गुरुजी, बोलले." आणि त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली.

तळाचे पत्रे निघाले. शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या तारेला टेकून माझी डबी आरामात पडली होती. लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी आभाळाकडे.

दहाला पाच मिनिटं कमी असताना चाकं जमिनीवरून सुटली. बायाबापड्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सागाच्या रानावरून विमान वळलं. साहेबांनी मागची सीट भाऊंनाच देऊ केली होती, पण ते बसले नव्हते.

"काऊन नाई गेले, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी आभाळावरची नजर काढली नाही. "नोकरीत एक साहेब माह्या हातचं विमान घेऊन गेले होते. चहा ठेव, आलोच म्हणाले. काऊन नाई आले, ते अजून कोनाले समजलं नाई. मी उभाच होतो."

विमान उतरलं. लोक हार घेऊन धावले. पण भाऊ सगळ्यांच्या आधी पोचले होते. चाकांना ठोकळे लावून ते उठले आणि साहेबांचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच, दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कप त्यांनी पुढे केला.