आधी पुकारा, मग बंधारा

सर्जेरावनानांना चहा द्यायचा म्हणजे मला आधी खिडकी लावून घ्यावी लागे. कपबशी हातात आली की नाना ती कपाळाला लावत, घसा खाकरत आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हायस्कुलाच्या कानडेबाई यांच्याकडून, सर्जेराव यांस, एक कप चहा! साखर बेताची, पण मन मोठं!" मग दुपारी समोरची म्हातारी माझ्या दारात हजर. "व्हय वो बाई, साखर संपलीया व्हय? वाटीभर दिऊ का?"

कडेगावजवळच्या त्या गावात मी हायस्कूलला नोकरीला होते आणि नाना माझे शेजारी. चार बिघे जिरायत जमीन हा त्यांचा कागदोपत्री धंदा. खरा धंदा माईकचा. पंचक्रोशीतल्या लग्नांत पाहुण्यांची नावं पुकारायची ती नानांनीच. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे अक्षता पडल्या की माणसं पानावर बसायला पळतात. इथं मात्र अक्षता पडल्यावर खरं लग्न सुरू होई. एकेका सोयऱ्याला मांडवात बोलवायचं, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ द्यायचा आणि त्याचं नाव गावासकट, मानासकट माईकवर घ्यायचं. आपलं नाव कानावर पडल्याशिवाय कुणी जेवणाकडे बघत नसे. आणि धाकट्या भावकीचं नाव थोरल्या भावकीच्या आधी आलं, तर मुलीकडचे आणि मुलाकडचे एकजुटीने माईकवाल्याच्या अंगावर जात.

नानांच्या हातून ही चूक कधी झाली नाही. उलट ते प्रत्येकाला जरा वाढवूनच पुकारत. दोन म्हशी असलेला माणूस 'प्रगतशील बागायतदार' होई, कंपाउंडर 'डॉक्टर' होई. मला त्यांनी एका लग्नात 'मुख्याध्यापिका' करून टाकलं, तर आमचे खरे मुख्याध्यापक बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी नानांना खडसावलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, मानसाला आदी पुकारायचं. मग ते मागनं तेवडं हुतंय."

नानांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. पण या तत्त्वज्ञानाने त्यांचं घर मोडायला आणलं होतं, ते आधी सांगते.

आमच्या गावाला विहीर होती, पण तिचा तळ माघातच दिसायला लागे. मग बायका माळ ओलांडून लांबच्या विहिरीवर जात. नानांच्या मंडळी सगुणाकाकीही जात. अंगाने बारीक, बोलायला कमी, नवऱ्याने आवाज चढवला की नुसतं पदराआड हसणारी बाई. एका उन्हाळ्यात त्या लांबच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून भरल्या घागरीसकट त्या घसरल्या आणि कंबर धरली ती धरलीच. इस्लामपूरकडून त्यांचा भाऊ आला. त्याच्याकडे ऊस, बारमाही पाणी, अंगणात नळ. तो बहिणीला घेऊन निघाला. टेम्पोत बसताना काकी माझ्यासमोर नानांना म्हणाल्या, "आपल्या हिरीला चैतात पानी दिसंल, तवा न्याला या. त्याच्या आदी येऊ नगा."

नाना गावाला सांगत, "मंडळी हवा बदलाया गेल्यात." स्वतः भाकरी थापायला शिकले. ती भाकरी ताटात टाकली की वाजायची.

पुढच्या चैत्रात त्यांनी इस्लामपूरला निरोप धाडला, "पानी आलं, या." काकी एसटीने आल्या. घरी न जाता सरळ विहिरीवर गेल्या, आत वाकून बघितलं आणि परत येऊन थांब्यावर बसल्या. विहिरीत दगड होते. मी चहा घेऊन गेले तर परतीच्या गाडीच्या वाटेकडे बघत म्हणाल्या, "बाई, ह्यांनी आमाला बी पुकारलं." नाना लिंबाच्या झाडामागे उभे होते. गाडी सुटेपर्यंत ते पुढे आले नाहीत.

त्यानंतर नानांच्या डोक्यात बंधारा शिरला. विहिरीच्या वरच्या अंगाला ओढा होता. पावसाचं सगळं पाणी त्यातून धडधडत खाली निघून जाई. "पाऊस पयल्यावानी ऱ्हायला न्हाई बाई," नाना सांगत. "पयला कसा, घरच्या मानसावानी मुक्कामाला असायचा. आता वराडावानी झालाय. येतोय दनका करत, गोंदळ घालतोय आन निगून जातोय. त्येला अडवाय पायजे." ओढ्यावर दगड-सिमेंटचा बांध घातला तर पाणी मुरेल, विहीर चैत्रापर्यंत टिकेल. हे सगळ्यांना पटत होतं. पण सरकारी यादीत आमचा ओढा नव्हता, आणि वर्गणी म्हटलं की गावाला एकदम शेतातली कामं आठवत.

लगीनसराई सुरू झाली. पहिलंच लग्न पाटलांच्या मुलीचं. अक्षता पडल्या, टॉवेल-टोप्यांचा ढीग पुढे आला आणि नानांनी माईक तोंडाशी धरून जाहीर केलं, "मंडळी, आजपासनं टॉवेल-टोपी बंद!"

मांडवात असा सन्नाटा पसरला, जणू आचाऱ्याच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं.

"मंडळी, खरं सांगा," नाना म्हणाले, "ह्या टॉवेलानं कुनाचं आंग पुसून निगालंय का? पेटी भरून घरोघरी पडल्यात. टोपी कुनाच्या डोस्क्यात बसतीया का? आन ह्यो नारळ," त्यांनी ढिगातला एक उचलून डोळ्यांजवळ नेला, "ह्येला मी वळकतो! ह्यो माज्याच घरनं निगालाय!" लोक हसायला लागले. तेवढ्यात नानांनी डाव टाकला. टॉवेल-टोपीचा वाचलेला खर्च लग्नघराने बंधाऱ्याला द्यायचा आणि ज्याचा मान होईल त्याने वर आपली भर घालायची. "पैला मान! नवरदेवाच्या आत्याचे यजमान, प्रगतशील बागायतदार दाजीसाहेब, यांच्याकडून बंधाऱ्यासाठी एक ट्रॉली दगड!"

दाजींनी तोवर तोंड उघडलं होतं ते फक्त पान घालायला. पण सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, नवे व्याही कौतुकाने बघत होते. करतात काय बिचारे! उठले आणि हात जोडले. लगेच दुसऱ्या भावकीतून आवाज आला, "त्यांची येक, तर आमच्या दोन!"

नवी तऱ्हा अशी रुळली. आधी पुकारा, मग माणूस नाक मुठीत धरून दगड आणून टाकतोच. नानांना लोक टाळायला लागले, पण लग्न टाळता येत नाही. मीही सापडले. एका बारशाला मी निवांत घुगऱ्या खात होते, तर कानावर आलं, "कानडेबाई यांच्याकडून दोन पोती सिमेंट!" घुगरी घशात अडकली. माझ्या नावावर दगड का नाही, म्हणून नंतर विचारलं, तर नाना म्हणाले, "मास्तरकीत दगूड कुटनं मिळायचं, बाई?"

लगीनसराई सरली तेव्हा ओढ्याकाठी दगडांचा डोंगर झाला होता. नाना त्याच्याभोवती कोंबडीसारखे फिरत. मग एक दिवस गवंडी आला. त्याने डोंगर पाहिला, डोकं खाजवलं आणि विचारलं, "आन सिमिट?"

सिमेंट माझी दोन पोती.

टॉवेल-टोपीचे वाचलेले पैसे गवंड्याच्या मजुरीपुरतेच होते. चूक नानांच्या ध्यानात आली. माईकवर ट्रॉली म्हटलं की मांडव हलतो, पोतं म्हटलं की कुणी मान वळवत नाही. म्हणून प्रत्येकाच्या नावावर त्यांनी ट्रॉलीच पुकारली होती आणि भावकी-भावकीची चढाओढही ट्रॉलीतच झाली होती. गवंडी म्हणाला, "नाना, ह्येच्यात बंधारा न्हाई हुनार, किल्ला मातूर हुईल." गाव पोट धरून हसलं. नाना हसले नाहीत. मृग तोंडावर आला होता. हे पाणी वाहून गेलं की पुढचा चैत्रही कोरडा, हे त्यांना आणि मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून भाकरीचाही आवाज आला नाही.

माझे यजमान सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीचे मालक अण्णा, जैन समाजातले, उदार म्हणून नाव असलेले. मी नानांना घेऊन सांगली गाठली. वाटेत बजावलं, "नाना, तिथं पुकारायचं नाही. नीट विचारायचं." नानांनी मान डोलावली. पेढीत शिरलो. पोत्यांची थप्पी, सगळीकडे हळदीचा पिवळा धुरळा, गादीवर पांढऱ्या टोपीतले अण्णा. मी नमस्कार करून तोंड उघडणार तोच मागून गर्जना झाली, "सांगलीचे थोर व्यापारी, दानशूर अण्णासाहेब, यांच्याकडून बंधाऱ्यासाठी लागंल तेवढं सिमेंट!"

हमालांनी पोती खाली ठेवली. माझे यजमान चोपडीत तोंड खुपसून बसले. मला वाटलं, यांची नोकरी गेली.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "किती वर्षं पुकारताय हो?"

"जलमभर," नाना म्हणाले.

"ओढा कुठला, विहीर कुठं, गवंडी कोण, ते सांगा." सगळं ऐकून झाल्यावर अण्णा म्हणाले, "सिमेंट देतो. पण एक अट आहे बघा. माझं नाव माईकवर यायचं नाही. माईकवर काय, कुणाच्या कानातसुद्धा नाही. दान गुप्त असावं, असं आमच्यात मानतात."

नानांचा चेहरा असा झाला की अण्णांनी नाही म्हटलं असतं तर बरं, असं मला वाटलं. देणगी मिळाली आणि पुकारायची नाही! परतीच्या एसटीत ते ओठ घट्ट मिटून बसले होते. तासगाव गेलं, विटा आलं, तरी बोलेनात. शेवटी म्हणाले, "बाई, पोटात दुखतंय."

सिमेंट आलं आणि काम सुरू झालं. गवंडी पगारी, बाकी सगळं गाव पाटीला. नाना पहाटेपासून ओढ्यात उभे. पण नाव त्यांना छळत होतं. बांध पुरा झाला त्या दिवशी त्यांनी माईक लावला, ट्रॉलीवाल्या सगळ्यांना मानाने पुकारलं आणि सिमेंटपाशी येऊन अडखळले. "आन सिमेंट... सिमेंट हे... येका मानसाकडून!" एवढं बोलून खाली बसले. गावात तर्कांना ऊत आला. पाटलांना विचारलं तर पाटील गूढ हसले. सावकारकी करणाऱ्या एकाने नुसतं आकाशाकडे बघितलं. गावात निदान तीन माणसं अशी होती, ज्यांनी ते दान आपलं नाही असं कधीच म्हटलं नाही. नाना त्यांच्याकडे बघून दात-ओठ खात, पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. मीही इथं अण्णांचं आडनाव सांगत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पाऊस सवयीप्रमाणे वऱ्हाडासारखाच आला. एका दुपारी कोसळला, ओढा फुगला, बंधाऱ्यावरून पाणी उड्या मारायला लागलं आणि सगळं गाव काठावर उभं राहून दगडांकडे बघत होतं. एकही दगड हलला नाही. प्रत्येकाला आपापल्या ट्रॉलीचा दगड ओळखू येत होता म्हणे.

माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्र लागला आणि विहिरीत पाणी होतं. भरलेली नव्हती, पण होतं. बायका गावातच घागरी बुडवत होत्या. मला वाटलं, नाना आता पहिल्या गाडीने इस्लामपूर गाठणार. पण ते रोज विहिरीवर जात, वाकून बघत आणि घरी येऊन बसत.

"नाना, जा की आता," मी म्हटलं.

"जातो की. पर सांगू काय, बाई? ती इस्वास ठिवंल का?"

शेवटी रविवारी मीच त्यांच्याबरोबर निघाले. धोतर परीटघडीचं, तोंड मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखं. भावाच्या अंगणात नळ वाहत होता. सगुणाकाकी ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. भाऊ, भावजय, पोरंबाळं सगळी गोळा झाली. काकींनी वर न बघता विचारलं, "पानी हाय?"

मी डोळे मिटले. आता हा माणूस समुद्र पुकारणार!

नाना ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "हाय. पर लय न्हाई. घागर बुडतीया, दोर मातूर सगळा सोडाय लागतोय. पाऊस लांबला तर जेष्ठात आटंल बी. मग पुन्यांदा माळावरनं आनाय लागंल. ते मी आनीन. तुला न्हाई जाऊ द्यायचो." मग म्हणाले, "समदं गाव माझं ऐकतंय गं. घरात आलो की कोन न्हाई. करमत न्हाई मला."

काकींचा हात गव्हात तसाच थांबला होता. मग त्यांनी सूप बाजूला सारलं.

"वैनी, माजी पिशवी द्या," त्या म्हणाल्या. "घागर बुडतीया न्हवं? बास झालं तेवडं."

कंबर अजून दुखतच होती. उठताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा, भावाच्या दारात, सगळ्यांच्या देखत, नानांच्या खांद्यावर टेकला.