खिडकीच्या खोलीचे सत्तांतर जाले त्याची हकीकत

समस्त थोरले, धाकटे, सोयरे व शेजारी यांस विदित व्हावे जे, एके रविवारी दोन प्रहरी, जेवणे आटोपून ताटे उचलल्यावर, एका घराच्या माजघरात तीन असामींमध्ये जे घोर राजकारण जाले, ते कोणाची भीड न धरिता येथे लिहिले आहे.

घरधनी राजश्री दादासाहेब, निवृत्त हेडक्लार्क, यांचे कबजात मोठ्या खिडकीची खोली सहा वर्षे होती, आणि तीत ते दुपारचे घोरत. त्यांची धाकटी बहीण शिवणकामात मोठी मातबर, परंतु तिचे मशीन जिन्याखालील अंधारात, आणि तेथे सुईत दोरा ओवणे म्हणजे किल्ला सर करणे. घराचा करार ऐसा की, वर्षातून एकदा ‘डळमळीत लोकशाही’ नामे पटाचा खेळ मांडावा, आणि जो जिंकेल त्याने वर्षभर ती खोली भोगावी. मात्र दादासाहेब हरू लागले की पट उधळीत, आणि डाव मोडल्यास खोली ज्याची त्याजकडेच राहावी, हे कलमही त्यांनीच घुसडिले होते. बहिणीची सहा वर्षे ऐशीच पाण्यात गेली.

पटावर संसद, न्यायालय, छापखाना व छावणी ही ठाणी. लष्कराची सोंगटी मागेच मोरीत वाहून गेली, सबब बहिणीचे पितळी अंगुस्तान, जे शिवताना बोटास सुई टोचू नये म्हणून घालितात, ते छावणीत लष्कर म्हणोन उभे केले. दादासाहेबांनी हुकूमशहाची बाजू घेतली, बहिणीने रयतेची, आणि वहिनीसाहेब न्यायाधीश जाल्या, कारण नियमांचे पुस्तक दुसऱ्या कोणी पुरते वाचिलेच नव्हते.

मग रण माजले. बहिणीने छापखाना घेतला, आणि न्यायालय घेतले, आणि संसदेत बहुमतास एकच जागा उणी राहिली. दादासाहेब हवालदिल जाले आणि फासे ऐसे आपटिले की मनगटाचे बटण तुटोन वहिनीसाहेबांचे मांडीवर पडले. तत्काळ फर्मान सुटले, "एवढं टाचून दे गं, तोवर मी चाल ठरवतो." बहिणीने जिन्याखालून सुईदोरा आणिला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने, नजरही न टाकिता, पटावरील अंगुस्तान उचलोन बोटात घातले. हे कोणाचेच ध्यानी आले नाही.

बटण लागताच दादासाहेबांनी बाही सारखी केली, आणि लष्करास संसदेवर चालोन जाण्याचा हुकूम दिला. हात छावणीकडे गेला. छावणी ओस. उशीखाली पाहिले, चटई झटकली, न्यायाधीशांसही उठविले.

"दादा, हे बघ," म्हणोन बहिणीने बोट दाखविले.

"अगं, ते माझं लष्कर आहे!"

"अंगुस्तान माझं आहे. आणि लष्कर तुझंच बटण लावत होतं."

वहिनीसाहेबांनी पुस्तक उघडिले आणि निवाडा केला की, कलम अठरा अन्वये छावणीत लष्कर नसता बंड पुकारल्यास बंड रद्द व पुढील चाल जप्त. मग बहिणीने चाल केली, उणी जागा जिंकिली, आणि रयतेचे सरकार आले.

दादासाहेबांचा हात पट उधळावयास उठला. बहिणीने मनात म्हटले की, गेले, आणखी एक वर्ष जिन्याखाली. परंतु तो हात डोळ्यांसमोर येताच अधांतरी थांबला. पांढऱ्या सदऱ्यास बटण हिरव्या दोऱ्याने लाविले होते. जिने उभ्या जन्मात एक टाका वाकडा घातला नाही, तिने.

"हा दोरा कुठला गं?" दादासाहेबांनी हळूच पुसिले.

"पांढराच की. दोनदा ओवताना चुकला मेला, तिसऱ्यांदा गेला."

वहिनीसाहेबांनी यजमानांकडे पाहिले. दादासाहेबांनी हात खाली घेतला, एकेक सोंगटी पेटीत ठेविली, आणि उठोन, कंबर धरीत, मशीन स्वहस्ते ओढीत खिडकीपाशी नेले.

तेथील उजेडात बहिणीची दृष्टी भावाच्या मनगटावर गेली. "अगं बाई, हिरवा! आण इकडे, उसवून देते." दादासाहेबांनी हात पाठीमागे नेला आणि अर्ज नामंजूर केला.

येणेप्रमाणे सत्तांतर बिनतक्रार जाले, खोली बहिणीची जाली, आणि ते बटण अद्यापि हिरव्याच दोऱ्याचे आहे.