चौकातला जाहीर निषेध

मी एकदा ठरवलं की ठरवलं! गेली सव्वीस वर्षं आमच्या घरात चौदा फेब्रुवारी म्हणजे तेरा आणि पंधराच्या मधली तारीख, बाकी काही नाही. कोल्हापुरात नळ-पाइपांचं दुकान चालवणारा माणूस गुलाब घेऊन हिंडायला लागला, तर गिऱ्हाइकाने त्याच्या पाइपवर भरवसा ठेवायचा कसा?

यंदा मात्र बायकोने, आमच्या दीपाने, आठवडाभर आधीच विषय काढला. "औंदा तरी चौदा तारखेला कुटं तरी जाऊया की."

"प्रेमाला तारीख लागत न्हाय," मी म्हणालो. "तारखा कोर्टात लागतात!"

वाक्य इतकं झकास जमलं की मीच हसलो. दीपा हसली नाही. "सव्वीस वर्षांत चारचौघांत एकदा तरी माझ्याबद्दल चांगलं बोललासा काय?" एवढं विचारून ती उठून आत गेली.

शहाण्याने इथेच थांबावं. पण मी पेटलो होतो! आता चौकातच या थेरांचा निकाल लावायचा! आमच्या गावात कुठलीही गोष्ट फ्लेक्स लागल्याशिवाय खरी होत नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स, पैलवानाच्या गदेचा फ्लेक्स, नव्या म्हशीचासुद्धा फ्लेक्स. मग निषेधाचा का नको? मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. वर, 'प्रेम एका दिवसाचं नसतं!' आणि खाली, 'चौदा फेब्रुवारीचा जाहीर निषेध!' कागद काशिफच्या हातात दिला. फ्लेक्स छापतोही तोच आणि चौकात बांधतोही तोच.

"काका, फोटो?"

"निषेधाला फोटो कशाला?"

"फोटोबिगर फ्लेक्स? लोक म्हणतील, काशिफचं मशीन बिघडलंय!"

"मग घरनं मागवून घे जा," म्हणालो आणि दुकानाकडे वळलो. तिथेच चुकलं.

चौदा तारखेला सकाळी छाती पुढे काढून चौकात गेलो. फ्लेक्स लागला होता, दहा बाय आठ! वर ठसठशीत अक्षरांत 'प्रेम एका दिवसाचं नसतं!' त्याखाली मी आणि दीपा, पुतण्याच्या लग्नातले, मी फेटा बांधलेला आणि भोवतीनं लाल बदाम! आणि निषेध? निषेधावर कुणा सम्राटदादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आडवा आला होता!

केळीवाल्या बादशहाभाईंनी गाडा सोडून मला मिठीच मारली. "मगदूमशेठ, काळीज लागतंय असलं लावायला!"

"अवो, त्यो निषेध हाय!"

"आता लाजून काय उपेग?"

दुकानाचं शटर वर करतोय तोवर गल्लीतले गणपतराव आले, लालबुंद होऊन. "जयपाल, तुझ्यापायी आमच्या घरात सकाळचा च्या न्हाय! ही म्हणतीया, मगदूमांनी चौकात लावलं, तुमी निदान स्टेटसला तरी लावा!" त्यांच्या मागे एक अनोळखी गृहस्थ उभे. ते विचारतात, "पावणं, कुठल्या प्रभागातनं हुबं राहताय?" तेवढ्यात मुरगूडहून सासऱ्यांचा, आण्णांचा फोन. "फोटो पोचला, जावई. पोरगी चांगल्या घरात पडली म्हणायची. सव्वीस वर्सांनी खात्री पटली बगा!"

आता हद्द झाली! दुकानातली शिडी खांद्यावर घेतली, पक्कड खिशात घातली आणि तडक चौकात. सम्राटदादाला बाजूला सारायचं आणि निषेध जगाला दाखवायचा! मी चढलो तशी गर्दी जमली. तार सोडली, कोपरा उचलला. 'निषेध'मधला शेवटचा 'ध' दिसायला लागला.

"काय करताय ओ वर?"

खाली दीपा! अंगावर ठेवणीतलं इरकल, सोबत शेजारची नाजिया, मागे अख्ख्या गल्लीतल्या बायका. दीपाने फोटो बघितला, मग मला बघितलं. "खाली आणि काय तरी लिवलंय की. काय हाय ते?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. बाई नटून आली होती हो! खरंच सांगतो, स्वतःची लाज वाटली.

"काय न्हाय! काशिफचा फोन नंबर हाय!" मी ओरडलो. "तार सैल झालती, आवळतोय!" आणि सम्राटदादाला असा करकचून बांधला की पुढचे दोन वाढदिवस तो तिथून हलायचा नाही. शिडीवर आहेच तर म्हटलं, बोलूनही टाकावं. "आणि ऐका सगळी! ही बाई हाय म्हणून माझं घर धड चाललंय!" टाळ्या पडल्या. गणपतराव तेवढे वाजवत नव्हते.

संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हणून साडेपाचलाच हजर. वेटर अजून टेबलांवरच्या खुर्च्या खाली उतरवत होता.

"त्या काशिफनं बदाम कशाला घातले कोण जाणे," मी म्हणालो.

"मी सांगितलं," दीपा म्हणाली.

"आणि फोटो?"

"मीच पाठवला. मजकूर दाखव म्हटलं त्याला. वाचला, आणि खालची ओळ त्या सम्राटच्या फ्लेक्सखाली झाकंल असा बांध म्हणून सांगितलं."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. "म्हंजे तुला म्हाईत होतं? मग खाली काय लिवलंय, असं विचारलंस कशाला?"

"बघत होते, काय सांगताय ते." तिने शांतपणे पाणी पुढे सरकवलं. "बॅग भरून नाजियाकडं ठेवलीया. न्हायतर दुपारची मुरगूडची एसटी धरणार होते."

माझा निषेध कायम आहे, मंडळी! ठाम! फक्त सध्या आवाज जरा बारीक ठेवलाय. बॅग अजून नाजियाकडेच आहे.