पूजा बाईंची ड्यूटी

यंदाच्या दहावीतून निदान एक तरी शिक्षक काढून दाखवतो, असं खैरनार सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा चित्रकलेचे दीपक सर वडापाव खात होते. त्यांना ठसकाच लागला.

"काढणार म्हणजे कुठून? फळ्यामागून?"

"वर्गातून. पोरं बसलीयत ना समोर."

"त्यातल्या निम्म्यांनी गंगापूर रोडला कॉम्प्युटरचा क्लास लावलाय. उरलेल्यांना विचारून बघा. ती आधी तुमच्या चपलांकडं बघतील आणि मग आपल्या बापाकडं."

खैरनार सरांनी चपला टेबलाखाली ओढून घेतल्या. बेत मात्र सोडला नाही.

ही गोष्ट २००३ सालची. शाळा पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बाजूला. सरांची बायको, शुभांगी बाई, याच शाळेत गणित शिकवायच्या. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत त्या गेल्या. दुखणं साधं वाटलं होतं, साधं नव्हतं. सर त्याबद्दल कोणाशी बोलत नसत. पण बाईंची एक गोष्ट त्यांनी मनात धरून ठेवली होती. पूजा पिंगळे नावाची मुलगी सातवीत होती तेव्हापासून बाई म्हणायच्या, "ही पोरगी शिक्षिका होणार. माझ्यापेक्षा बरी होणार."

आता पूजा दहावीत होती आणि तिचा बाप झुंबर तिला पुढे शिकवायला तयार नव्हता. मखमलाबादला त्याची शेवंती आणि झेंडू. दहावी झाली की पोरीनं फुलांच्या दुकानावर बसायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. सर चार वेळा त्याच्या मळ्यात जाऊन आले. चौथ्या वेळी झुंबर वैतागून म्हणाला, "सर, तुम्ही लय मागं लागलात. शिक्षक दिनाला पोरी शिकवत्यात ना? मी येतो बघायला. ते झाल्यावर तिच्या तोंडानं जर ती म्हणली, आप्पा मला बाई व्हायचंय, तर बारावी करून डी.एड.ला धाडतो. नाय म्हणली तर पुन्हा माझ्या बांधावर यायचं नाय."

"मंजूर," सर म्हणाले.

पाच सप्टेंबरला दहावीच्या मुलांनी शिक्षक व्हायचं, ही सगळ्याच शाळांची रीत. मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलं बापाची पँट पट्ट्यानं आवळून येतात. दोन तास गंमत होते, मग पेढा खाऊन सगळे घरी. खैरनार सरांनी यंदा पूर्ण दिवसाचं नियोजन केलं. मुख्याध्यापक विद्यार्थी, क्लार्क विद्यार्थी, घंटा देणारा शिपाईसुद्धा विद्यार्थी. खऱ्या शिक्षकांनी मागच्या बाकावर मुलांसारखं बसायचं आणि अवाक्षर बोलायचं नाही. खरे मुख्याध्यापक धोंडीराम सर त्या दिवशी सत्काराला गेले होते. त्यांच्या खुर्चीत दहावीतला ओम बसला. ओमला मिसरूड लवकर फुटली होती, त्यावर त्यानं काजळ फिरवलं होतं. अंगात वडिलांचा सफारी. लांबून तो धोंडीराम सरांपेक्षा जास्त मुख्याध्यापक दिसत होता.

पूजा नववीवर शेकडेवारी शिकवत होती. मागच्या बाकांवर सगळा स्टाफ, आणि खिडकीबाहेर झुंबर.

"समजा, सकाळी शंभर किलो शेवंती आणली," पूजा म्हणाली. "दुपारपर्यंत त्यातली पाव सुकली."

"पाव नाय, निम्मी सुकती," खिडकीतून झुंबर म्हणाला. "भाद्रपदाचं ऊन आहे."

"आप्पा, बोलायचं असेल तर हात वर करा."

वर्ग हसला. झुंबरनं इकडंतिकडं बघितलं आणि खरोखर हात वर केला. खैरनार सरांना वाटलं, जमलं. पोरीच्या हातात वर्ग होता आणि बापाचा हात वर होता. आता आणखी काय पाहिजे?

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. खांद्याला खाकी कापडी पिशवी. तहसील कचेरीची पिशवी शिक्षकाला लांबूनही ओळखू येते. मतदार यादी, पोलिओ, जनगणना, जे काय असेल ते त्याच पिशवीतून येतं. दीपक सर पेन्सिल शोधायला बाकाखाली गेले ते वर आलेच नाहीत. हिंदीच्या बाईंनी पदर डोक्यावरून घेतला.

तो माणूस म्हणजे मंगळू भोये, निवडणूक शाखेचा क्लार्क. तो थेट ऑफिसात गेला.

"मुख्याध्यापक?"

"बोला," ओम म्हणाला.

"नवीनच दिसता."

"आजच बसलोय."

"मतदार यादीचं काम आहे. पाच शिक्षकांची नावं भरा, सह्या द्या. उद्या अकराला ट्रेनिंग."

भिंतीवर त्या दिवसाचं, मुलांच्या नावांचं वेळापत्रक होतंच. ओमनं त्यावरची पहिली पाच नावं उतरवली, खाली झोकदार सही केली आणि मंगळूला वर्गावर्गात पाठवलं.

मंगळू नववीच्या दारात आला. खैरनार सर अर्धे उठले. आता बोलायला हवं होतं. पण खिडकीत झुंबर उभा होता. खेळ आहे असं आत्ता मोडून सांगितलं तर तो काय म्हणेल? तास संपला की बाहेर जाऊन सांगू, असं ठरवून सर खाली बसले. पूजानं एका हातात खडू ठेवून दुसऱ्या हातानं सही केली, ड्यूटीचा कागद घेतला आणि उदाहरण पुढे चालू ठेवलं. सरकारी माणूस पोरीची सही घेतोय, हे बघून झुंबरनं टोपी सारखी केली.

सही झाली तरी मंगळू गेला नाही. दाराशी उभं राहून ऐकत राहिला. थोड्या वेळानं त्यानंही हात वर केला.

"तुमचं नाव?" पूजानं विचारलं.

"मंगळू."

"बोला, मंगळू."

"उरलेली फुलं मग कोणत्या भावानं विकायची?"

"आता तेच काढायचंय," पूजा म्हणाली आणि फळ्याकडे वळली. उत्तर निघालं, मंगळूनं मान डोलावली आणि तो गेला. तास संपल्यावर सर धावणार होते. पण तास संपेना. घंटा द्यायला बसवलेला सातवीतला मुलगा डबा खात बसला होता. घंटा झाली तेव्हा मंगळूची लूना कधीच निघून गेली होती.

संध्याकाळी धोंडीराम सर हार गळ्यात घेऊनच शाळेत आले.

"ओमनं माझी सही केली?"

"त्याची स्वतःचीच केली," खैरनार सर म्हणाले. "खाली 'प्रभारी' लिहिलंय."

"प्रभारी लिहायला त्याला कोणी शिकवलं?"

"तुमच्याच सह्या बघतो तो. चार वर्षं तुम्ही प्रभारीच आहात."

बाकीचे शिक्षक म्हणाले, यादीत आमची नावं नाहीत, उगाच हात लावू नका. ज्यानं बेत केला त्यानं निस्तरावं.

दुसऱ्या दिवशी सर तहसील कचेरीत गेले. मंगळू टेबलावर होता.

"नावं बदलायचीयत."

"कारण लिहून द्या. मयत, बदली किंवा बाळंतपण."

"वय."

"साठ झालं का?"

"पंधरा."

मंगळूचं पेन थांबलं. "कोणाचं?"

"पूजा पिंगळेचं."

"त्या शेवंतीच्या बाई? पंधरा?"

"सगळेच दहावीतले आहेत. मुख्याध्यापकसुद्धा."

मंगळूनं उठून दार लोटलं. "सर, हे साहेबांना कळलं तर माझी बदली सुरगाण्याला."

"तुमचं गाव तिकडंच ना?"

"म्हणूनच म्हणतो. तिथं गेलं की भाऊबंद जमिनीचं काढतात. कागद परत आणा, मी गुपचूप सगळ्यांच्या जागी तुमचं नाव घालतो."

बाकी चौघांकडून कागद लगेच मिळाले. त्यांपैकी एकाचं विमान झालं होतं. पाचवी पूजा. ती शेजारच्याच हॉलमध्ये ट्रेनिंगला बसली होती, आईच्या साडीत. सर कागद घेऊन परत आले आणि आत डोकावले. आत नुसते शिक्षणसेवक, सगळेच शाळकरी दिसत होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं. सरांना ती सापडेपर्यंत ती यादी घेऊन बाहेर पडलीसुद्धा होती.

मळ्यावर गेलं तर झुंबरला कळलं असतं, म्हणून रविवारी सर आणि मंगळू लूनावरून तिला शोधत पंचवटीच्या गल्ल्या फिरले. ती नेहमी एक गल्ली पुढे.

"आत्ताच गेली की बाई," देवळातले एक गुरुजी म्हणाले. "मी वय जरा कमी सांगितलं. तिनं मुलाचं जन्मसाल विचारलं आणि वजाबाकी करून दाखवली. मुलाचा जन्म माझ्या मुंजीच्या आधी निघाला."

पुढच्या दारात एक आजीबाई. "मुलगी चांगली वाटली. लग्न झालंय का विचारलं, आमच्या नातवासाठी, साईसाठी. तर म्हणते, आजी, उद्या माझी चाचणी आहे."

त्याच्या पुढच्या घरात मात्र तिच्यावर कुत्रं सोडलं होतं. एकानं रेशनकार्डाचा राग तिच्यावर काढला होता. एक बाई म्हणाली, दार लावलं तर ओट्यावर बसून रडली जराशी, मग डोळे पुसून शेजारी गेली. ते ऐकून सर लूनावर मागं बसले. शुभांगी बाई असत्या तर त्यांनी ना कसला शिक्षक दिन केला असता, ना नियोजन. त्या पोरीच्या हातात रोज नुसता खडू द्यायच्या.

संध्याकाळी दोघं मखमलाबादला पोचले. पूजा ओट्यावर पाय धुऊन बसली होती. झुंबर शेजारी. सरांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे खोटी ड्यूटी होती?" झुंबर म्हणाला.

"ड्यूटी खरी होती. बाई खोट्या होत्या," मंगळू म्हणाला.

पूजानं यादी पुढे केली. एकूण एक घर झालेलं, अक्षर छापल्यासारखं. मंगळू पानं उलटत म्हणाला, असं काम बारा वर्षांत बघितलं नाही.

"एक घर राहिलंय," पूजा म्हणाली. "सरांचं."

"कुलूप असेल," सर म्हणाले. "मी तुलाच शोधत होतो."

"कुलूप होतं. पण विचारायचं काही नव्हतंच, सर. बाईंचं नाव अजून यादीत आहे. त्याच्यापुढं मयत लिहायचं होतं." ती साडीच्या काठाशी चाळा करत राहिली. "मी पेन काढलं होतं. नाही जमलं मला."

मग झुंबर खाकरला. शब्द म्हणजे शब्द. "मग बोल पोरी. बाई व्हायचं का?"

"वर्गात लय आवडलं, आप्पा. पण शिकवायचं म्हटलं की हे पण करावं लागतं ना? मला नको."

"मग दुकानावर बसती?"

"नाही." तिनं मंगळूकडं बोट दाखवलं. "मला यांच्यासारखं व्हायचंय. हे कागद देतात आणि निघून जातात."

झुंबर मंगळूकडे वळला. "सरकारीच हाय ना हे?"

"सरकारीच."

"शिकावं किती लागतं?"

"बारावी. टायपिंग."

"मग शिकंल," झुंबर म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला.

पूजाची शाळा वाचली, हे खरं. पण बाईंनी तीन वर्षं लावून जपलेलं रोप सरांनी तीन दिवसांत उपटलं होतं. चहा त्यांना गोड लागला नाही.

परतताना लूना मंगळू चालवत होता आणि यादीची पिशवी सरांच्या मांडीवर होती. आता त्या ड्यूटीवर त्यांचंच नाव होतं. रामवाडीच्या पुलाजवळ मंगळूनं वेग कमी केला.

"सर, डी.एड.ला वयाची अट असते का?"

"कोणासाठी?"

"असंच." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मी शाळेत शिरलो की मास्तर लोक बाकाखाली जातात. मला काय कळत नाही? त्या दिवशी पहिल्यांदा कोणी नाव विचारलं. म्हटलं, आपणही शिकवावं."

"वय किती तुमचं?"

"चाळिशी आली."

सरांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "मग नाही जमायचं, भाऊ."

"वाटलंच," मंगळू म्हणाला.

घरी पोचल्यावर सरांनी दाराचं कुलूप काढलं. शिक्षक काढून दाखवतो म्हणाले होते आणि निघाला तो चाळिशीचा क्लार्क. हे बाईंना सांगितलं असतं तर त्या हातातलं लाटणं टाकून हसल्या असत्या. सर खुर्चीत बसले, यादीत आपलं घर काढलं आणि बाईंच्या नावापुढं मयत लिहिलं. अक्षर फार वाकडं आलं. बाईंनी ते खोडून पुन्हा लिहायला लावलं असतं.