कापूस भरलेलं चाक

ललितनं अख्ख्या परतवाड्यात जाहीर केलं, की यापुढे आपल्या गाडीच्या चाकात हवा राहणार नाही! हवेवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले!

वर मेळघाटात, डोंगरातल्या उपकेंद्रावर रागिणी सिस्टर होती. खाली ललितचं झेरॉक्सचं दुकान होतं. आणि मधल्या जंगलवाटेवर बाभळी होत्या. ट्रेनिंगला असताना रागिणी झेरॉक्स काढायला यायची. तिच्या ओळखपत्राची एक बिघडलेली, अर्धाच चेहरा उमटलेली प्रत त्यानं काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. गिऱ्हाईक नसलं की तो उरलेला अर्धा चेहरा आठवत बसे. तिला वर नेमणूक मिळाली, तेव्हा त्यानं अकोल्याहून डोंगर चढणारी जुनी, उंच मोटारसायकल आणली. दर रविवारी तो नवरदेवासारखा निघे, आणि ट्यूबमध्ये काटा घेऊन, अर्ध्या वाटेतूनच गाडी ढकलत, हमालासारखा परत येई.

मग तिचा मेसेज आला. "सोमवारी अकोल्याचे पाहुणे मले पाहाले येऊन राहिले. तुले काही बोलायचं असन तं रविवारी ये. फोनवर बोलू नको."

ललितनं ट्यूबला पर्याय शोधले. ट्यूबलेस करावं, तर तारांच्या रिममधून हवा पाहुण्यांसारखी वाट मिळेल तिथून निघून जाई. जेल भरलं, तर ते काट्याच्या भोकातून हिरव्या कढीसारखं उतू आलं. परदेशात म्हणे टायरात फोमचं अख्खं कडंच बसवतात! त्याची किंमत वाचून ललितनं मोबाइल पालथा घातला.

शेवटी शेजारचे फारुखचाचा गादीवाले बोलले. "मेरी गादी में हवा रहती क्या? फिर भी आदमी उस पे जिंदगी निकालता. कापूस भर, बेटा!"

"काटा लागला तं, चाचा?"

"कापसाले कायचा काटा लागते रे?"

या प्रश्नाला वऱ्हाडात उत्तर नाही. कापसावर संशय घेणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

चाचांनी काठीनं कोंबकोंबून पुढचं चाक भरलं. मागच्याला पिंजलेला कापूस कमी पडला, तेव्हा सरकीसकट घातला. हलीमाचाची आतून ओरडल्या, "अजी, चाक भर रहे हो या रुखवत की गादी?" येणारा-जाणारा अंगठ्यानं टायर दाबून "बढिया!" म्हणत होता. चाचा तर गादीला मारतात तसे चार टाकेही मारणार होते. ललितनं त्यांचा सुईचा हात धरला.

रविवारी तो निघाला, आणि काय सांगावं! बाभळीचे काटे टायरात शिरले आणि तिथेच झोपी गेले. ललित मोठमोठ्यानं गाऊ लागला. अर्ध्या वाटेवर कापूस एका बाजूला गोळा झाला. गाडी धप... धप... धप अशी उड्या मारू लागली, जणू लंगडा उंट लग्नाला चालला होता. पुढे चढावर जळका वास आला. मागच्या चाकातून धूर! त्यानं चटकन हात लावून पाहिला आणि तितक्याच चटकन बोंब मारली.

समोर नाला होता. गाडी त्यात घातली. चर्रर्र! आग विझली, पण कापूस पाणी प्याला. साधंसुधं नाही, पंगतीतल्या आग्रहासारखं प्याला. मागचं चाक गाभण म्हशीसारखं बसून राहिलं. ललित उतरून ढकलू लागला. टायरच्या कडेतून ओला कापूस लोंबू लागला, आणि सरकीच्या वासानं बकऱ्या आल्या. एक ओढे, दुसरी चघळे.

"हट! लग्नाचा मामला हाय!" ललित ओरडला. बकऱ्यांनी अभिनंदन केलं नाही, पण सोबत सोडली नाही.

अशी ती मिरवणूक उपकेंद्राच्या फाटकात पोचली. बाकावर बायका लेकरांना पोलिओचा डोस पाजून घ्यायला बसल्या होत्या. गावच्या आशासेविका जमुनाबाई म्हणाल्या, "सिस्टर, जनावराचा दवाखाना समजून कोणी आलं वाट्टे!"

रागिणी बाहेर आली. पूर्ण चेहऱ्याची. ललित येताना पाठ केलेलं सगळं विसरला.

"हात दाखव," ती म्हणाली. तिनं बरणीतून कापसाचा बोळा काढला. ललितनं तोंड फिरवलं. त्याला आज कापूस पाहवत नव्हता.

"रागिणी, अकोल्यावाल्यायले नाही म्हण. मले तुझ्यासंग लग्न करायचं हाय."

बाकावरची लेकरंसुद्धा रडायची थांबली.

"बोलून टाक वो बाई," जमुनाबाई म्हणाल्या, "डोस खोळंबले."

रागिणीनं पट्टीची गाठ मारली. जरा जास्तच घट्ट. "इतके रविवार काहून नाही आला?"

"पंक्चर, ना!"

"परतवाड्याहून रोज सकाळी जीप येते इथं."

ललितच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. तो चाचरला. "जीपनं तं कोणीबी येते."

"कोणीबी येते. तूच येत नव्हता. दर रविवारी मी या फाटकात उभी राहून, जीपीतून कोण कोण उतरते ते पाहत होती."

ललित हाताची जळजळ विसरला. दुसरीकडेच कुठेतरी जळत होतं.

"पाहुण्यायले मी आजच फोन करते," ती खाली पाहत म्हणाली. "तू पुढच्या रविवारी आईले घेऊन ये. जीपनं!"

संध्याकाळच्या जीपपाशी ललित छाती काढून उभा राहिला. "भाऊ, पुढल्या रविवारी दोन सीट धरून ठेवा. समोरच्या! लग्नाची बोलणी हाय."

ड्रायव्हरनं त्याला मागच्या फळीवर लटकायची जागा दाखवली. "मायले समोर बसवतो, भाऊ. नवरदेव इथंच!"